साकुरा हुकणार असेल, तर उमेसाठी मितोला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कामासाठी टोकियोत असाल, आई सोबत असतील (वय ६८, गुडघे कुरकुरतात, पूर्ण शाकाहारी), एक रविवार मोकळा आहे. साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, फुलायला तेव्हा अजून महिना असतो. मग त्याऐवजी उमेची (जर्दाळूच्या जातकुळीतलं, थंडीच्या अखेरीस फुलणारं झाड) बाग पाहायला मुद्दाम जाण्यात अर्थ आहे का, की तो नुसता दुधाची तहान ताकावर भागवण्याचा प्रकार?

जा. दिवस अख्खा मोकळा असेल तर टोकियोच्या ईशान्येला असलेल्या मितोच्या काइराकुएन बागेत जा. मी भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे नेत असते आणि निराश होऊन परतणारेही पाहते. ते बहुतेक वेळा एकाच कारणाने निराश होतात: त्यांनी डोक्यात साकुराचे फोटो भरलेले असतात. गुलाबी ढग, खाली चटया, वरून पाकळ्यांचा पाऊस. यातलं उमेकडे काही मागू नका. साकुरा लांबून, एकगठ्ठा पाहायचा असतो. उमे एकेका झाडापाशी जाऊन, फांदीला नाक लावून पाहायचं.

काइराकुएनमध्ये सुमारे ३,००० झाडं आहेत आणि त्यांत जवळजवळ १०० जाती. काही जाती लवकर फुलणाऱ्या, काही मधल्या, काही उशिराच्या. त्यामुळे हंगाम दीड महिना चालतो, पण सगळी बाग एकाच दिवशी भरून फुलली आहे असा दिवस जवळपास येतच नाही. तुम्ही जाल तेव्हा एका झाडाखाली पाकळ्या पडलेल्या असतील, शेजारच्यावर बहर असेल आणि तिसऱ्यावर नुसत्या लालसर कळ्या. कोणी 'चुकीच्या दिवशी आलो' म्हणून हळहळायला लागलं की मी त्यांना कळ्यांच्या झाडापाशी उभं करते. काळपट, वेड्यावाकड्या, एकही पान नसलेल्या फांदीवर मोहरीपेक्षा जरा मोठे टपोरे दाणे, आणि त्यातला एखादाच उघडलेला. जपानी चित्रकारांनी शतकानुशतकं काढलं ते हेच. साकुरासारखी तारीख गाठायची धावपळ इथे नाही, ही पाहुण्यांसाठी मोठी सोय आहे. तुमचा आठवडा तर मितोच्या हिशेबाने चांगलाच. साधारणपणे फेब्रुवारीच्या अखेरपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बरीचशी झाडं फुललेली सापडतात. मात्र थंडी कशी पडली त्यावर हे पुढेमागे होतं, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी बहराची ताजी बातमी बघून घ्या.

फूल ओळखायला सोपं आहे. उमेचं फूल फांदीला जवळजवळ चिकटलेलं असतं, देठ नसल्यातच जमा. पाकळीची कड गोल. साकुराच्या फुलाला लांब देठ असतो, फुलं झुबक्याने लोंबतात आणि पाकळीच्या टोकाला खाच असते. आणि सुगंध! साकुराला तो नावालाच. उमेच्या झाडाखाली, विशेषतः पांढऱ्या फुलांच्या, वारा पडलेला असेल तर वास चार पावलं आधीच गाठतो. मधासारखा गोड, मागे किंचित कडवट बदामाची झाक. वनस्पतिशास्त्रानुसार हे झाड आलुबुखारापेक्षा जर्दाळूच्या जवळचं, त्यामुळे बदामाची आठवण होणं साहजिक आहे.

आणखी एक गंमत. जाणकार लोक उमेचे गट फुलाच्या रंगावरून पाडत नाहीत, लाकडावरून पाडतात. फांदी कापल्यावर आतलं लाकूड लाल निघालं तर ते झाड 'तांबड्या' गटातलं, मग फूल पांढरं का असेना. तेव्हा आईंनी 'हे पांढरं, हे लाल' अशी मोजदाद सुरू केली तर करू द्या, फक्त बागेतल्या माळ्याशी वाद घालू नका.

ही बाग १८४२ साली तोकुगावा नारिआकी यांनी उभारली. हे मितोचे नववे सरदार, शोगुनांच्याच, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशांच्याच, घराण्याच्या एका शाखेचे. त्यांचा मुलगा योशिनोबु पुढे जपानचा शेवटचा शोगुन झाला. सरदारांच्या बागा तेव्हा बहुधा सरदारांसाठीच असत. नारिआकींनी मात्र ठरलेल्या दिवशी सामान्य लोकांनाही इथे येऊ दिलं. आदल्याच वर्षी, १८४१ मध्ये, त्यांनी शहरात कोदोकान ही विद्यापीठासारखी शाळा सुरू केली होती. तिथे शास्त्र आणि शस्त्र शिकायचं, इथे येऊन डोकं मोकळं करायचं, अशी ती जोडी. कोदोकानच्या आवारातही उमेचीच झाडं आहेत. आता उमेच का? बर्फात फुलणारं झाड म्हणून त्याची शोभा होतीच, पण नारिआकींचा हिशेब पक्का व्यवहारीही होता: फळं मिठात घालून वाळवली की वर्षानुवर्षं टिकतात आणि लढाईत नाहीतर दुष्काळात कामी येतात. कानाझावाचं केनरोकुएन आणि ओकायामाचं कोराकुएन यांच्यासोबत या बागेला जपानच्या तीन थोर बागांत गणतात. तिघींपैकी हिचा पाया असा शिधासामग्रीचा आहे, हे मला फार आवडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, कारण बहुतेक लोक नेमकं इथेच चुकतात. बागेत कोणत्या दाराने शिरायचं?

गर्दी शिरते ती पूर्वेच्या दाराने. तिकडे बस थांबते, खाण्याची दुकानं आहेत, तोकिवा देऊळ आहे, आणि आत पाऊल टाकताच उमेचं बन समोर. म्हणजे जेवणाची सुरुवातच श्रीखंडाने. नारिआकींनी योजलेली वाट उलट आहे. मूळचं मुख्य दार, ओमोतेमोन, दुसऱ्या बाजूला आहे, आणि तिथे रविवारीसुद्धा वर्दळ कमी असते. आत गेलं की आधी उंच वेळूंचं बन लागतं. हिरवट अंधार, थंडी, पानांची सळसळ. मग जुनी, उंच, देवदारासारखी दिसणारी सुगीची झाडं, आणि उतारावर एक झरा, ज्याचं पाणी पांढऱ्या संगमरवरातून उसळतं. इथवर सगळी सावली. नंतर लाकडी कोबुनतेई वाडा, आणि तो ओलांडला की एकदम उघडं आकाश आणि फुललेलं बन. सावलीतून उजेडात नेणारी ही रचना मुद्दाम केलेली आहे, आणि अंधारातून आल्यावर तीच फुलं वेगळी दिसतात. त्यामुळे मितो स्टेशनवरून टॅक्सी करा आणि चालकाला 'काइराकुएन, ओमोतेमोन' एवढंच सांगा. आईंच्या गुडघ्यांसाठीही हे बरं. फक्त झऱ्याकडे उतरणारी वाट खालीवर आहे. पाय दुखत असतील तर ती सोडा आणि वेळूच्या बनातून सरळ वाड्याकडे या.

कोबुनतेईचं तिकीट वेगळं आहे, ते काढाच. मूळ वाडा १९४५ च्या ऑगस्टमध्ये मितोवर झालेल्या हवाई हल्ल्यात जळला. आजचा वाडा १९५० च्या दशकात पुन्हा बांधलेला. पुढे १९६९ मध्ये वीज पडून त्याचा मागचा भाग परत जळला आणि तोही परत उभा केला. खालच्या खोल्यांच्या सरकत्या दारांवर झाडाफुलांची चित्रं आहेत, एका खोलीत अर्थातच उमे. तिसऱ्या मजल्यावरून उमेचं बन आणि खाली सेनबा तळं असं दोन्ही दिसतं. पण तिथे जाणारे जिने अरुंद आणि उभे आहेत. आईंनी खालीच बसावं आणि तुम्ही वर जाऊन यावं. वर गेल्यावर खालून जेवणाची ताटं ओढून घ्यायची दोरीची लिफ्ट बघायला विसरू नका. बूट दारातच काढावे लागतात आणि फेब्रुवारीत त्या लाकडी जमिनीचा गारवा थेट हाडात जातो. जाड मोजे, शक्य तर दोन जोड, पिशवीत ठेवा.

बनात शिरल्यावर सगळी ३,००० झाडं बघायच्या फंदात पडू नका. मितोत सहा जाती खास मानाच्या मानल्या जातात. झाडांपाशी नावाच्या पाट्या असतात, फोनचा कॅमेरा त्या वाचून देतो. त्यातल्या तीन तरी शोधा. रेक्कोबाईचं फूल मोठं आणि फिकट गुलाबी असतं, त्याच्या पाकळ्या एकमेकींना न टेकता सुट्या राहतात. हे नाव नारिआकींच्या मरणोत्तर उपाधीवरून आलं. त्सुकिकागे पांढरी, पण फुलाखालची वाटी हिरवट असल्याने सगळं फूलच थंड, चांदण्यासारखं दिसतं. यानागावा-शिदारे ही लोंबत्या फांद्यांची. या तिन्हींपाशी पाच-पाच मिनिटं थांबलात तर बाग पाहिली असं मी म्हणेन. फोटो काढताना आकाश मागे ठेवू नका, फिकट फूल त्यात विरून जातं. मागे गडद सुगी, वाड्याचं छप्पर किंवा झाडाचंच काळं खोड घ्या.

एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल: फुलं बरोबर डोळ्यांच्या उंचीवर आहेत. हा योगायोग नाही. जपानीत एक म्हण आहे, तिचा भावार्थ: साकुरा छाटणारा मूर्ख आणि उमे न छाटणारा मूर्ख. साकुराची जखम सहजी भरत नाही, सड आत शिरते. उमे उलट: मोकाट सोडलं तर लांब सरळ शेंडे उठतात आणि फुलं कमी येतात. म्हणून बहर ओसरला की माळी ते शेंडे उडवतात. त्यातून आखूड काड्या फुटतात आणि पुढच्या वर्षी फूल येतं ते त्या काड्यांवर. झाड ठेंगणं राहतं, खोड म्हातारं, वाकडं, आतून पोकळ होत जातं, त्याला काठ्यांचे टेकू लावतात, आणि तरी दर वर्षी फुलतं. आईंना बागेची आवड असेल तर फुलांपेक्षा या छाटणीकडेच जास्त वेळ जाईल, असा माझा अंदाज.

झाडावर एक छोटा पोपटी पक्षी चोच खुपसून फिरताना दिसला की आजूबाजूचे पर्यटक 'उगुइसु, उगुइसु' म्हणतील. जपानी चित्रांत उमे आणि उगुइसु ही ठरलेली जोडी आहे, पत्त्यांच्या खेळातसुद्धा. पण खरा उगुइसु मातकट रंगाचा आणि लाजाळू, झुडपात लपून गाणारा. फुलांतला मध पिणारा, डोळ्याभोवती पांढरं वलय असलेला हा पक्षी मेजिरो. आपल्याकडच्या चष्मेवाल्याचाच तो भाऊबंद.

सुगंधासाठी वेळ साधायची तर सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, उन्हाने जरा ऊब धरल्यावर आणि दुपारचा वारा सुटायच्या आत. फेब्रुवारीत मितोची पहाट शून्याच्या खाली जाते आणि दुपारी पारा दहाच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा कपडे थरांचे असू द्या. याच दिवसांत सुगीचे परागकण हवेत येऊ लागतात. जपानमधले कितीतरी लोक मास्क लावून शिंकत असतात ते त्यामुळे. तुम्हाला कुणाला धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर औषध घरूनच आणा आणि मास्क फक्त झाडाखाली काढा.

प्रवासाचं सांगते. उएनो किंवा टोकियो स्टेशनवरून जोबान मार्गाची 'हिताची' किंवा 'तोकिवा' ही जलद गाडी घ्या, साधारण सव्वा तासात मितो. साध्या लोकलने स्वस्त पडतं, पण दोन तास लागतात आणि आईंना ते जड जाईल. जलद गाडीत प्रत्येक बाकावर दिवा असतो. हिरवा म्हणजे ती जागा कुणाची तरी, पिवळा म्हणजे थोड्याच वेळात तिचा मालक चढणार, लाल म्हणजे रिकामी. जागा आधीच आरक्षित करा, म्हणजे दिव्यांकडे बघत उठबस करावी लागणार नाही. उमेच्या उत्सवात शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी बागेलगत काइराकुएन नावाचं तात्पुरतं स्टेशन उघडतं. मात्र तिथे फक्त टोकियोकडून येणाऱ्या गाड्या थांबतात. परत जायला ते उपयोगाचं नाही, त्यामुळे तिथे उभं राहून वाट बघू नका. शिवाय ते पूर्वेच्या दाराशी आहे, म्हणजे माझी वरची सगळी शिकवण फुकट. परतीला बसने किंवा टॅक्सीने मितो स्टेशन. तुम्ही एकटे असता तर मी सेनबा तळ्याच्या काठाने अर्ध्या तासाची चाल सुचवली असती.

शाकाहाराचा प्रश्न जपानमध्ये नेहमी डाशीपाशी अडतो, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या त्या पाण्यापाशी. नूडल्सचं सूप, भाजीचा रस, सगळीकडे तेच. मितो नात्तोसाठी प्रसिद्ध आहे. आंबवलेले ते चिकट सोयाबीन शाकाहारी खरे, पण सोबतच्या सॉसच्या पुडीत बहुधा मासा असतो. पुडी बाजूला ठेवा, घरून नेलेलं मीठ आणि लिंबू लावा. वासाबद्दल मात्र आईंना आधीच कल्पना द्या. बागेबाहेरच्या दुकानांत गरम आमाझाके मिळतं, तांदळापासून केलेलं गोड, दाट पेय. कोजीपासून (बुरशी लावून आंबवलेला तांदूळ) बनवलेल्या प्रकारात दारू नसते, मद्याच्या चोथ्यापासूनचा प्रकारही असतो, म्हणून विचारून घ्या. भाजलेली रताळी बिनधास्त. पोटभर जेवण मात्र टोकियोहून डब्यातच न्या: थेपले किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या.

मितोला जाणं कोणत्याही कारणाने रद्द झालं तर टोकियोतच युशिमा तेन्जिन देवळात जा. तिथली झाडं थोडी, जागा दाटीची, पण एक वेगळी गोष्ट दिसते. हे देऊळ सुगावारा नो मिचिझाने या विद्वानाचं. राजदरबारातल्या राजकारणात ९०१ साली त्याला क्योतोहून दूर दाझाइफुला धाडलं आणि दोन वर्षांनी तो तिथेच वारला. निघताना त्याने अंगणातल्या उमेला उद्देशून कविता केली: पूर्वेचा वारा सुटला की तुझा गंध माझ्याकडे धाड, मालक नाही म्हणून वसंत विसरू नकोस. ते झाड एका रात्रीत उडत त्याच्यामागे गेलं, अशी दंतकथा. पुढे तो विद्येचा देव झाला. फेब्रुवारी हा जपानमध्ये प्रवेशपरीक्षांचा महिना, त्यामुळे फुलांखाली लाकडी पाट्यांचे ढीगच्या ढीग लटकलेले असतात, प्रत्येकीवर कुणाच्या तरी शाळेचं नाव आणि नवस. क्योतोला जाणार असाल आणि तारीख २५ फेब्रुवारी असेल तर त्याच देवाचं कितानो तेनमांगू गाठा. त्या दिवशी त्याची पुण्यतिथी, आणि जवळच्या कामिशिचिकेन वस्तीतल्या गेइको-माइको (क्योतोच्या गेइशा आणि त्यांच्या शिकाऊ मुली) मोकळ्या आवारात चहा देतात. गर्दी मात्र पंढरपूरच्या वळणाची, आईंना नेऊ नका.

तसं पाहिलं तर जपानमध्ये फुलांचा मान आधी उमेचाच होता. आठव्या शतकातल्या मानयोशू या काव्यसंग्रहात उमेवर सुमारे १२० कविता आहेत आणि साकुरावर त्याच्या निम्म्याही नाहीत. सध्याच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं, म्हणजे रेइवा कालखंडाचं, नावही त्याच संग्रहातून घेतलं. ७३० साली दाझाइफुला ओतोमो नो ताबितोच्या घरी उमेची मेजवानी झाली, पाहुण्यांनी ३२ कविता रचल्या, आणि त्यांच्या प्रस्तावनेत 'रेइ' आणि 'वा' ही अक्षरं आहेत. हे काइराकुएनमध्ये एखाद्या जपानी आजोबांना सांगून बघा, तासभर सुटका नाही.

मितोहून निघताना उमेबोशी घ्या, मिठात मुरवून वाळवलेली ती आंबटखारट फळं. आपल्या लिंबाच्या जुन्या लोणच्याची सवय असलेल्यांना ती चटकन आवडतात. घेताना दोन गोष्टी विचारा. एक, 'कात्सुओ' घातलाय का? म्हणजे माशाचा कीस. तो असेल तर ती बरणी परत ठेवा. दुसरं, मीठ किती टक्के? जुन्या पद्धतीत ते १८-२० टक्के असतं आणि बरणी फ्रीजबाहेरही टिकते. मधातली किंवा कमी मिठाची असतील तर ती थंडीतच ठेवावी लागतात, पुण्यापर्यंतच्या प्रवासात खराब होण्याची भीती. झाडाखाली पडलेलं किंवा बाजारात दिसलेलं कच्चं हिरवं उमे मात्र कधी तोंडात टाकू नका, त्यात विषारी द्रव्य असतं. उमेशू ही त्याच फळाची गोड दारू, बाटली घेतलीत तर ती आणि उमेबोशीची बरणी दोन्ही चेक-इन सामानात, जाड कपड्यात गुंडाळून.